व्हर्जन सातची अट

"हे चुकून झालंय, की मुद्दाम?" फौजदारांनी स्क्रीन तिच्याकडे वळवला.

फौजदार हे त्यांचं ऑफिसातलं नाव. ऑपरेटिंग सिस्टिमच्या कोडमधली एक ओळही त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय बदलत नसे. या नव्या प्रोग्रामर बाईंबद्दल त्यांना पहिल्या दिवसापासून शंका होती. एवढी हुशार, आणि काम मागून घेतलं कुठलं, तर जुन्या अटींच्या सफाईचं! 'व्हर्जन सातपेक्षा जुनं असेल तर असं कर, नसेल तर तसं कर.' आता सगळीकडे चौदावं व्हर्जन. म्हणजे 'असं कर' मेलेलं. ते उडवायचं आणि 'तसं कर' ठेवायचं. असलं कंटाळवाणं काम कोणी आपणहून मागतं का? कुठेतरी पाणी मुरत होतं.

फौजदार उगीच संशयी नव्हते. आठ वर्षांपूर्वी ग्राहकांची माहिती चोरीला गेली होती. दुरुस्तीसाठी ठेवलेल्या मागच्या वाटेने कोणीतरी आत शिरलं होतं. त्या वाटेची डिजिटल किल्ली ज्याच्या ताब्यात, त्याला फौजदारांनी तीन दिवसांत घरी पाठवलं. तेव्हापासून त्यांचा दरारा.

आणि आज नेमकी त्याच वाटेची अट. बाईंनी 'किल्ली तपास' उडवलं होतं आणि 'थेट आत सोड' ठेवलं होतं. सापडली! फौजदारांना मनातून आनंदच झाला. सामान आवरायला सांगायचं, एवढंच आता बाकी होतं.

"सर, जुनी अट एकदा मोठ्याने वाचता?" ती शांतपणे म्हणाली.

"त्यात काय वाचायचंय? व्हर्जन सातपेक्षा जुनं असेल तर किल्ली तपास. नसेल तर..."

फौजदार थांबले. पुन्हा वाचलं. चष्मा पुसून वाचलं. अट उलटी होती.

"नसेल तर कोणालाही थेट आत सोड," तिने वाक्य पुरं केलं. "मी मेलेलं तेवढं काढलं, सर. चालू होतं तेच ठेवलं. अकरा वर्षं ती वाट सताड उघडी आहे. बरोबर किल्ली घेऊन येणाऱ्या आपल्या लोकांना ते कळणार कसं?"

ओळीच्या कडेला लिहिणाऱ्याचं नाव होतं. ते फौजदारांचंच होतं. खाली दोन बटणं होती, मंजूर आणि नामंजूर. नामंजूर केलं, मागाहून गुपचूप अट सुलटी केली, तर? त्यांनी दाराकडे पाहिलं. आवाज खाली आणला.

"हे आणखी कोणाला माहीत आहे?"

"माझ्या दादाला. तुम्ही त्याला नोकरीवरून काढल्यापासून तो लिहितोय, की चोराला किल्ली लागलीच नसेल, एकदा ती अट वाचून बघा. तुम्ही त्याचं एकही पत्र उघडलं नाहीत, म्हणून हे काम मी मागून घेतलं."