राखण

निवृत्तीनंतर दोघांनी भटकायचं म्हणून घेतलेली कॅरव्हॅन, मोटारीमागे ओढायचं ते चाकांवरचं घर, दारातच उभी होती, आणि ती चोरीला जाऊ नये म्हणून नवऱ्याने जिवाचं रान केलं होतं. आधी मोटारीला जोडायच्या दांड्याला कुलूप ठोकलं, मग चाकाला लोखंडी खोडा घातला. आज तर त्याने जॅक लावून दोन्ही चाकंच काढली, कॅरव्हॅन विटांवर टेकवली आणि चाकं लोळवत थेट झोपायच्या खोलीत आणली.

"आता नेऊन दाखव म्हणावं चोराला," तो हात पुसत म्हणाला.

पलंगाला टेकलेली ती काळी धुडं बघून बायकोच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"उद्या समुद्रावर जायचं ठरलं होतं आपलं."

"अगं, वाटेत कुठे उभी करायची म्हणजे काय भरवसा? इथे निदान डोळ्यांसमोर आहे."

"दोन वर्षं डोळ्यांसमोरच आहे. दर वेळी मी आत सामान भरायचं, आणि तुम्ही नवी शंका काढली की उतरवायचं."

"जाऊ गं. घाई काय आहे?"

कॅरव्हॅनमध्ये जाऊन तिने स्वतःचे तेवढे कपडे पिशवीत भरले आणि फाटकाची कडी काढली.

"कुठे निघालीस?"

"समुद्रावर. बसने."

"एकटी?" तो चक्रावलाच.

"निघत तर मी दर वेळी एकटीच होते," ती म्हणाली. "या वेळी फक्त पोचणार आहे."