मोमिकचा नान

"आज मोमिकला निरोप घ्यायला लाव, उद्यापासून त्याच्या जागी कार्टून," दिग्दर्शक तुर्सुन-अका म्हणाले. मी टेबलाखाली बसून मोमिकमध्ये, म्हणजे आमच्या कापडी बकऱ्यात, हात घातला. घराघरांत टीव्हीच्या निळ्या उजेडात अख्खं ताश्कंद जमलं होतं. "पोरांनो, मी दूर डोंगरात निघालो," म्हणत मोमिक नान घेऊन खाली वाकला आणि त्याच्या वतीने घास मी दातांनी तोडला. कार्यक्रम संपल्यावर उष्टा नान मी स्टुडिओच्या भिंतीवरच्या खिळ्याला टांगला. "हे काय नवीन खूळ?" तुर्सुन-अकांनी विचारलं. "दूर जाणारा निघताना एक घास घेतो, अका. उरलेला तो परतेपर्यंत टांगायचा. आता शहरभर पोरं वाट बघणार." "बकऱ्याला कसला रिवाज? काढ तो." "तुम्हीच काढा." हात वर नेऊन ते थबकले. युद्धावर गेलेल्या धाकट्या भावाचा उष्टा नान त्यांच्या आईच्या भिंतीवर अजून होता. "डोंगरातून यायला किती दिवस लागतात बकऱ्याला गं?" त्यांनी हळूच विचारलं.