कार्डावरचं विमान

चाकणहून मुलींना घरी सोडणारी कंपनीची बस मोशीतल्या चष्म्याच्या दुकानासमोर थांबवून ड्रायव्हर दत्तोबा घाईने आत आले.

"निरंजनशेठ, दिवस मावळला की समोरच्या लाइटनं काय बी सुधरत न्हाई. अंधाराला चालंल असा पिवळा पोलराइज्ड गॉगल द्या."

निरंजन आधीच्या गिऱ्हाइकाला तसलाच गॉगल लावून पांढरं कार्ड दाखवत होता. पोलराइज्ड काच असेल तरच त्या कार्डावरचं चित्र दिसतं.

"विमान," असं म्हणून गिऱ्हाइकाने गॉगल घेतला आणि ते गेलं.

निरंजनने कार्ड ड्रॉवरमध्ये टाकलं. दत्तोबांनी चढवलेल्या गॉगलवर बोटांचे ठसे उमटले होते, म्हणून त्याने काच पुसायच्या पांढऱ्या कपड्याची घडी त्यांच्यापुढे धरली.

"विमान," दत्तोबा लगेच म्हणाले. "एकदम क्लिअर. परवा कंपनीच्या मेडिकलला तक्त्यावरची अक्षरं बी अशीच एका दमात सांगितली, पास झालो."

निरंजनने हातातल्या कपड्याकडे पाहिलं, मग बाहेर.

 

भरलेल्या बसमधून मुली हाका मारत होत्या, "मामा, चला ना लवकर, अंधार पडला."