अडकलेला थ्रेड

हॉस्पिटलचे रिपोर्ट पाठवणारा प्रोग्रॅम अचानक थिजला. ऑपरेशन थिएटरमधून फोनवर फोन येत होते: अपघाताचा पेशंट टेबलवर आहे, रक्तगटाचा रिपोर्ट कुठे अडकलाय?

प्रोग्रॅमर बाईने काळ्या स्क्रीनवर कमांड टाकली आणि चालू प्रोग्रॅमचे सगळे थ्रेड, म्हणजे त्यात एकाच वेळी चालणारी वेगवेगळी कामं, डोळ्यांसमोर आणले. झाडून सगळे एकाच थ्रेडमागे खोळंबले होते. आणि तो शहाणा डायरेक्टरसाहेबांच्या वाढदिवसाचा व्हिडिओ जुन्या-नव्या सगळ्या पेशंटांना वाटत बसला होता.

"याला किल करते, सर. रिपोर्ट लगेच सुटतील."

"हात लावू नकोस," मॅनेजर म्हणाला. "साहेबांनी बजावलंय, आज व्हिडिओ आधी, बाकी सगळं नंतर."

"अहो, तिकडे माणूस जातोय."

"आणि माझी नोकरी गेली तर तू पोसणारेस? थांब, साहेबांना विचारतो." त्याने घाम पुसत साहेबांचा मोबाइल लावला आणि स्पीकरवर टाकला.

 

फोन थिएटरमधल्या सिस्टरने उचलला. "साहेब बोलू शकत नाहीत, टेबलवर तेच आहेत. रिपोर्ट पाठवताय ना?"