क्रेनवाल्या काकांसाठी दोन मिनिटं

दोन मिनिटांच्या शांततेत धाकट्याने सगळ्यांत खाली मान घातली, कारण काकांना मारलं होतं त्यानेच.

तळघरातल्या छोट्या हॉलमध्ये चाळीस खुर्च्या होत्या आणि सतरा माणसं उभी होती. स्टेजवर ड्रमवाला, बेसवाला आणि मधोमध धाकट्याचा थोरला भाऊ, गळ्यात गिटार, डोळे मिटलेले. बँडचा चौथा अल्बम आज पहिल्यांदा वाजणार होता आणि तो अख्खा क्रेनवाल्या काकांच्या स्मृतीला होता. काका म्हणजे निवृत्त क्रेनचालक, बँडचे सगळ्यांत जुने श्रोते. गेल्या हिवाळ्यात न्यूमोनियाने गेले, असं धाकट्याने बँडच्या पानावर जाहीर केलं होतं. खरं कारण हे की तो काकांच्या खात्याचा पासवर्ड विसरला होता.

पहिल्या अल्बमवर कुणी चकार शब्द लिहिला नव्हता. दादा महिनाभर भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. मग धाकट्याने चष्म्याच्या दुकानात काचा बसवता बसवता खोटं खातं उघडून एक श्रोता बनवला, क्रेनवाले काका. ‘मी हा अल्बम साठ मीटर उंचीवर, केबिनमध्ये बसून ऐकला. खालून इंजिनिअर ओरडत होते, मला काही ऐकू आलं नाही. एक जिना चुकीच्या इमारतीवर ठेवला गेला. पश्चात्ताप नाही.’ दादाने ते छापून फ्रिजवर लावलं आणि आंघोळ केली.

एकटा श्रोता बरा दिसत नाही म्हणून धाकट्याने आणखी दहा बनवले. दुसऱ्या अल्बमवरून त्यांच्यात अशी जुंपली की दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. काकांना मध्ये पडावं लागलं. तिसऱ्यानंतर दादाने नोकरी सोडली. एवढी माणसं वाट बघतायत म्हटल्यावर ऑफिसात जीव रमत नाही, म्हणाला.

“बसा,” दादा माइकवर म्हणाला. “काकांबद्दल कुणाला बोलायचंय?”

कुणाला नसणार याची धाकट्याला खात्री होती. मेलेला माणूस त्याने घरीच बनवलेला होता. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतली एक बाई उभी राहिली.

“मी स्कूलबस चालवते,” ती म्हणाली. “काकांना भेटले नाही कधी, पानावरचीच ओळख. माझी लेक सहा वर्षं माझ्याशी बोलत नव्हती. तसं त्यांना लिहिलं. ते म्हणाले, तिसऱ्या अल्बममधलं पाचवं गाणं लावा. मध्ये ठेका थांबतो, तेवढ्यात फोन लावा. विचार करायला वेळच उरत नाही. मी बस बाजूला घेतली आणि लावला. मागे मुलं होती. त्यांना शाळेला उशीर झाला. त्यांची काही तक्रार नव्हती.”

लोक हसले. दादाने बाहीला डोळे पुसले. “काकांशी माझ्या भावाचा संपर्क होता. तो काय, मागे टेबलापाशी. बोला त्याच्याशी. तोवर मी ही तुटलेली तार बदलतो.”

बाई तडक टेबलापाशी आली.

“शेवटी शेवटी मी त्यांना नऊ निरोप पाठवले,” ती म्हणाली. “लेक घरी आली, ते सांगायला. एकाचंही उत्तर नाही. वाचले असतील का हो त्यांनी?”

‘हो’ अगदी जिभेवर होतं. अकरा माणसांच्या वतीने बोलायची सवय असलेल्याला एक ‘हो’ काही जड नव्हतं.

“नाही,” धाकटा म्हणाला. “मी पासवर्ड विसरलो.”

“काय?”

“काका नव्हतेच. मीच लिहायचो. दादासाठी.”

बाईने त्याच्याकडे बघितलं. दुसऱ्याच शाळेचं पोर आपल्या बसमध्ये निघावं, तसं बघितलं.

“वय काय तुमचं?”

“सव्वीस.”

“मी तुम्हाला गुडघेदुखीचे व्यायाम लिहून पाठवले होते.”

“केले मी,” तो म्हणाला. हे खरं होतं. कुणीतरी एवढं लिहून पाठवलंय म्हटल्यावर न करणं बरं वाटेना.

“आणि ते ठेका थांबल्यावर फोन लावायचं? ते गाणं ऐकताना तुम्हाला झालं होतं का तसं काही?”

इथे थाप सहज खपली असती.

“मी ते गाणं ऐकलंच नाहीये,” धाकटा म्हणाला. “ठेक्याचं दादा जेवताना बोलला होता. मी त्याचं कुठलंच गाणं पूर्ण ऐकलेलं नाही. लिहिण्यातच वेळ जायचा.”

पासवर्डचं तिने ऐकून घेतलं होतं, वयाचंही. हे मात्र तिला लागलं.

“त्याला माहितीये?” तिने स्टेजकडे हनुवटी केली.

“नाही.”

“सांगणार कोण?”

“मीच.”

“कधी?”

धाकट्याने टेबलावरचे अल्बम एका रेषेत लावले. ते आधीच एका रेषेत होते.

“हं, लागली तार,” दादा म्हणाला. “सुरुवात कशाने करू?”

“तिसऱ्यातलं पाचवं!” बाई ओरडली. बसच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज होता तो. मग हळू, फक्त धाकट्याला, “अख्खं ऐकायचं. संपलं की उठायचं आणि सांगायचं. चल.”

‘तुम्ही’चं ‘तू’ झालं होतं. ती त्याला रांगेत घेऊन गेली आणि शेजारच्या खुर्चीवरची आपली पर्स उचलली. तो बसला.

दादाने पहिला सूर छेडला, मान वर केली आणि तारांवर पंजा ठेवून तो सूर तिथेच दाबला. मग तो ड्रमवाल्याकडे वळला. हळूच बोलायचं होतं त्याला, पण माइक चालू होता.

“नीट वाजव रे,” तो म्हणाला. “आज माझा भाऊ ऐकायला बसलाय.”