आठ शून्यं

नव्या यंत्रणेनं मेलेल्यांना आत घेतलं आणि जिवंतांना दारातच अडवलं.

कर्करोग रुग्णालयाच्या नोंदणी खोलीत प्रोग्रामर डोक्याला हात लावून बसली होती. जुन्या संगणकातल्या सगळ्या नोंदी नव्यात न्यायच्या होत्या. मृत्यूची तारीख असलेल्या नोंदी निमूट गेल्या. तीन हजार एकशे चार मात्र परत आल्या, कारण त्यांत तारखेच्या जागी आठ शून्यं होती. असली तारीख कुठल्याच कॅलेंडरात नसते, आणि नवी यंत्रणा भलती काटेकोर. चार वाजता जुना संगणक कायमचा बंद होणार होता. मागे राहिलेल्यांना वार्षिक तपासणीचं पत्र पुन्हा कधी गेलं नसतं.

"टाक कुठलीही तारीख आणि मोकळी हो," साहेब फोनवर म्हणाले.

चाचणीच्या प्रतीत तिनं आजची तारीख टाकून पाहिली. एका फटक्यात तीन हजार माणसं आज वारली. तिनं घाईघाईनं सगळं पुसलं.

रकाना कोरा ठेवणं सोपं होतं. पण शून्यं म्हणजे माणूस जिवंत, की गेला आणि तारीख कुणाला ठाऊक नाही? गेलेल्याच्या घरी तपासणीचं बोलावणं धाडायचं कोणत्या तोंडानं? शेवटी तिनं शेजारच्या टेबलावरच्या मावशींना विचारलं. बावीस वर्षं या नोंदी त्याच भरत होत्या.

"अगं, ते जुनं यंत्र कोरा रकाना सोडून पुढं जाऊच द्यायचं नाही. पीं पीं करून डोकं उठवायचं. म्हणून शून्यं," मावशी म्हणाल्या. "जिवंत आहेत सगळे. दर वर्षी एकेकाला फोन करते मी."

तिनं सगळी शून्यं काढून रकाने कोरे केले. चारला दहा मिनिटं कमी असताना शेवटची नोंद आत गेली आणि तिचा जीव भांड्यात पडला.

"नोंद क्रमांक चार हजार एकशे सतरा उघड बघू," मावशी म्हणाल्या. आकडा त्यांना तोंडपाठ होता.

तिनं उघडली. मृत्यूची तारीख कोरी होती. वर मावशींचं नाव होतं.

"कोरीच आहे ना?" मावशींनी चष्मा काढून पदरानं पुसला. "नऊ वर्षांपूर्वी ती शून्यं माझ्याच हातानं टाकली होती गं."