कपाटामागचा रंग

बाबांची स्मृती वर्षभर विरत चालली होती. नुसता पडदा बदलला तरी "हे आपलं घर नाही" म्हणत ते दाराकडे धावायचे. मुलीला मात्र अजून ओळखायचे. म्हणून ओल आलेली भिंत दुरुस्त करताना तिची एकच अट होती, रंग तोच हवा.

तिच्या वयाइतकी जुनी ती पांढुरकी छटा कंपनीने केव्हाच बंद केली होती. इतर कंपन्यांच्या सहा छटा लावून पाहिल्या. कुठली पिवळट निघाली, कुठली गुलाबीसर.

"ताई, लाल चुकला तर खपून जातो," रंगारी वैतागून म्हणाला. "हा चुकला की भिंत बोंब मारते."

शेवटी त्याने कपाट सरकवून मागचा पोपडा खरवडला आणि दुकानातल्या मशीनवर दुसऱ्या कंपनीचा रंग तंतोतंत जुळवून आणला. ऊन, धूर काहीच न लागलेल्या त्या रंगापुढे उरलेल्या भिंती कळकट दिसू लागल्या. मग सगळी खोलीच रंगवली.

आत्याकडून परतलेले बाबा दारात थबकले. त्यांनी भिंतीवरून हात फिरवला आणि कित्येक महिन्यांनी हसले. "आपलंच घर!"

"बघा ताई, जुळला की नाही!" रंगारी खूश झाला.

 

बाबा मुलीकडे वळून अदबीने म्हणाले, "वास गेला की सांगा हं, बाई. उद्या बायको आणि आमची चिमुकली दवाखान्यातून घरी यायच्यात."